घरातल्या घरात वाटचाल

आमच्या घरात पहिली ट्रेडमिल आली ती २०२० च्या दिवाळीत, आणि गेली ती २०२३ च्या दिवाळीच्या साफसफाईत. मधल्या तीन वर्षांत तिच्यावर माणसे चालली ती मोजून आठ महिने. उरलेला काळ तिच्या दांड्यावर टॉवेल वाळत होते, पट्ट्यावर इस्त्रीच्या कपड्यांची रास होती आणि मागच्या टोकाला चिरंजीवांचे क्रिकेटचे पॅड टेकून ठेवलेले असत. शेवटी भंगारवाल्याने जे काही हातावर ठेवले, त्या पैशांत त्या वर्षीच्या चिवड्याचे पोहे आणि शेंगदाणे आले. चिवडा उत्तम झाला होता, हे कबूल केले पाहिजे.

एवढा अनुभव गाठीशी असताना शहाण्या माणसाने दुसऱ्या ट्रेडमिलच्या वाटेला जाऊ नये. पण यंदा जूनमध्ये डॉक्टरांनी माझ्या रक्ततपासणीचा कागद समोर धरला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा होता ६.९. माझे वय ४६. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. ५२ व्या वर्षी, दुसऱ्या पाळीवरून घरी आल्यावर, हातपाय धुताधुता ते गेले. त्यांचे रक्त कोणी कधी तपासलेच नव्हते. मी हे सांगितले तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सर, मग आता चालायचं. रोज. गोळी मी लिहून देतो; चालणं काही मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.”

चाला म्हणणे सोपे. हिंजवडीत चालायचे कोठे? हे गाव एके काळी मुळशी तालुक्यातल्या इतर गावांसारखेच शेतीचे गाव होते. चैत्रात म्हातोबाच्या उत्सवाला बगाड निघते, तेवढ्यापुरते ते गाव आजही डोळ्यांना दिसते. पुढे राजीव गांधी इन्फोटेक पार्क झाले, पहिला, दुसरा, तिसरा असे टप्पे पडले, आणि आता सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळांत येथे माणूस रस्त्यावर उतरला, तर तो चालायला नव्हे, धूर प्यायला उतरतो. मी चिंचवडच्या महाविद्यालयात शिकवतो. दुचाकीवरून जाऊन-येऊन दीड तास जातो. सौभाग्यवती दुसऱ्या टप्प्यातल्या एका कंपनीत आहेत. त्यांची अमेरिकेशी बोलणी रात्री अकरापर्यंत चालतात. राहता राहिली सोसायटीची बाग. तिला एक फेरी मारली की माझी १९० पावले होतात. बाविसाव्या फेरीला बागेतला माळीसुद्धा माझ्याकडे कणवेने पाहू लागतो. आणि पावसाळ्यात तिथल्या फरशीवर असे शेवाळ धरते, की साखरेऐवजी कमरेचे हाड घेऊन दवाखान्यात जावे लागेल.

तेव्हा घरात बैठक बसली. आईचे म्हणणे, “अरे, आपल्याकडे सूर्यनमस्कार काय कमी होते?” आईचे म्हणणे खोटे नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांच्या प्रसाराला आयुष्य वाहिले, आणि त्याला सामग्री लागते ती एक सतरंजी. बडोद्याला द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. ज्या भाषेत असा कोश आहे, त्या भाषेच्या प्राध्यापकाने विजेच्या पट्ट्यावर चालावे, याची मला थोडी लाज वाटतेच. पण नमस्कार मी तीन वेळा सुरू केले आणि तीन वेळा सोडले. चालणे मात्र सुटत नाही, कारण चालताना माणसाला वर्तमानपत्र ऐकता येते, व्याख्यान जुळवता येते, नुसते रागावताही येते.

किती चालायचे, याबद्दल डॉक्टरांनी दहा हजार पावलांचा हट्ट धरला नाही, हे बरे झाले. हा दहा हजारांचा आकडा कोणा वैद्यकाच्या तपश्चर्येतून निघालेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले. त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असे होते, आणि तेथून तो आकडा जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितले ते असे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. हे गणित माझ्या आवाक्यातले होते.

ट्रेडमिल या यंत्राचा पूर्वेतिहास मात्र फारसा शुभ नाही. आपल्याकडे ‘तुरुंगात चक्की पिसायला जाशील’ असे म्हणतात. इंग्लंडात ती चक्की पायांनी पिसत. विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्याने १८१८ मध्ये कैद्यांसाठी पायऱ्यांचे एक अजस्र चाक बसवले. कैद्यांनी ओळीने उभे राहून तासन् तास त्या पायऱ्या चढायच्या, आणि चाक खाली खाली जात राहायचे. कोठे त्यावर धान्य दळत, कोठे पाणी उपसत, आणि कोठे काहीच नाही, नुसतीच शिक्षा. ऑस्कर वाइल्डसारख्या नामवंत लेखकाच्या वाट्याला १८९५ मध्ये तुरुंगात हे चाक आले होते. १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर ते बंद पडले. शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच जातीच्या यंत्रासाठी माणसे हप्ते भरू लागली, याला काय म्हणावे!

मधला दुवा वैद्यकाचा आहे. अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी रुग्णाला फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढण्याची पद्धत बसवली. १९६३ मध्ये तिचे जे कोष्टक प्रसिद्ध झाले ते आजही वापरतात. दवाखान्यात ज्याला आपण ‘टीएमटी’ म्हणतो ते हेच. मला त्यातून जावे लागले. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढ. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. दुसऱ्या टप्प्यापर्यंत मी परिचारिकेशी गप्पा मारत होतो. तिसऱ्यात गप्पा थांबल्या. चौथ्याची वेळ आली नाही, पण आलेख ठीक निघाला. चाळिशी उलटलेल्या, घरात हृदयविकार असलेल्या माणसाने ट्रेडमिलच्या दुकानात पाय ठेवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांची पायरी चढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि घरातली ट्रेडमिल? तिचे श्रेय न्यू जर्सीच्या विल्यम स्टॉब या यांत्रिक अभियंत्याकडे जाते. १९६८ मध्ये डॉ. केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक निघाले. त्यात धावण्याचे महत्त्व वाचून स्टॉबच्या मनात आले, की सामान्य माणसाला परवडेल असा पट्टा घरी का असू नये? त्याने चाळीस पोलादी रूळ, त्यांवरून फिरणारा नारिंगी पट्टा आणि वेग व वेळ यांच्या दोन तबकड्या असे यंत्र जुळवले आणि ते कूपर यांना दाखवले. स्टॉब २०१२ मध्ये वारला तेव्हा ९६ वर्षांचा होता. ‘परवडेल असा’ हा शब्द मी येथे मुद्दाम धरून ठेवतो, कारण आमचीही सगळी खटपट त्याच्याच भोवती होती.

आमची पहिली ट्रेडमिल का मेली, हे आधी समजून घ्यायला हवे होते. त्या वेळी मी जाहिरातीतला एकच आकडा पाहिला होता: ‘४ अश्वशक्ती’. मूळ किंमत सत्तर हजार, सवलतीत तेवीस हजार. सत्तर हजारांची वस्तू तेवीस हजारांना कोण देतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. यंदा एका दुकानातल्या वयस्क मिस्त्र्याने मला तो आकडा वाचायला शिकवले. ‘पीक’ म्हणून जी अश्वशक्ती सांगतात ती मोटार क्षणभर देऊ शकते ती. अर्धा तास अखंड देते ती निराळी, आणि ती बहुधा निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. ताडून पाहायची युक्ती सोपी आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. यंत्राच्या पाठीमागे एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर ते किती वॅट वीज घेते हे लिहिलेले असते. तेथे १५०० वॅट लिहिले असेल, तर ते यंत्र अखंडपणे दोन अश्वशक्तीसुद्धा जेमतेम देईल. चार अश्वशक्तीला २,९८४ वॅट लागतील. मी घरी येऊन जुन्या यंत्राचे छायाचित्र शोधले. चिठ्ठीवर ११०० लिहिलेले होते. म्हणजे दीड अश्वशक्तीच्याही आतले यंत्र मी चार समजून वापरत होतो, आणि माझे वजन ८८ किलो!

मिस्त्र्याने दुसराही एक गैरसमज काढला. मला वाटे, हळू चालले की मोटारीला सोपे. खरे उलटे आहे. कमी वेगात वजनदार माणूस पट्ट्यावर उभा राहिला की मोटारीला जास्त ओढ बसते आणि तिचा पंखाही सावकाश फिरत असल्यामुळे ती तापते. तेव्हा ‘मला काय, नुसते चालायचे आहे’ असे म्हणून सगळ्यांत लहान मोटार घ्यावी, हा हिशेब फक्त हलक्या माणसालाच लागू पडतो. माझ्यासारख्याने चालण्यासाठीही अखंड दोन अश्वशक्तीची घ्यावी. धावायचे असेल तर अडीच-तीन. कंपनी जी वजनाची मर्यादा सांगते ती आपल्या वजनापेक्षा वीसेक किलोंनी जास्त असावी.

पण मोटारीपेक्षाही माणसे मरू देतात ते पट्ट्याला. पट्टा एका लाकडी फळीवर घासत फिरतो. त्यांच्यामध्ये सिलिकॉनचे तेल लागते. ते वाळले की घर्षण वाढते, मोटार जास्त वीज ओढते, आणि शेवटी वीज आवरणारी पाटी जळते. आमची तशीच जळली. आठ महिन्यांत मी तिला तेलाचा थेंब दिला नव्हता, हा दोष माझा. कंपनीला मी अकरा वेळा दूरध्वनी केला, प्रत्येक वेळी ‘आमचा माणूस येईल’ असे ऐकले, आणि माणूस आला नाही, हा दोष तिचा. म्हणून यंदा दुकानात मी पहिला प्रश्न हा विचारत होतो: हिंजवडीला दुरुस्तीला कोण येणार, किती दिवसांत, आणि ती पाटी स्वतंत्र विकत मिळते का? सांगाड्याला आजन्म हमी असते हो. सांगाडा मोडतो कोठे? पट्टा आणि पाटी यांची हमी किती, ते विचारावे. तेलाबद्दल एक सूचना: खोबरेल, शिवणयंत्राचे तेल, स्वयंपाकघरातले कसलेही तेल पट्ट्याला लावू नये. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी खोबरेल लावले. पट्टा फुगला आणि ते स्वतः घसरले.

दुकानांत आणखी दोन जाती दिसतात. एक, बिनविजेची. स्वस्त असते, आणि विजेचे बिल नाही म्हणून आईला ती फार आवडली. पण तिचा पट्टा आपणच पायाने मागे ढकलायचा असतो. त्यासाठी तिला कायमचा चढ दिलेला असतो, आणि दांडा घट्ट धरल्याशिवाय जोर येत नाही. मी पाच मिनिटे चाललो आणि गुडघ्यांनी निकाल दिला. दुसरी जात पलंगाखाली सरकवता येणारी सपाट चालपट्टी. ती टेबलाखाली ठेवून काम करता करता चालायचे असते. सौ.ना ती पसंत होती, कारण रात्रीच्या बोलण्यांत तेवढेच पाय मोकळे होतील. तरुण, हलक्या आणि तोल सांभाळणाऱ्या माणसाला ती चालेल. पण तिला बहुधा कठडा नसतो, पट्टा आखूड असतो, आणि वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास संपतो. घरात ७२ वर्षांची आई असताना बिनकठड्याचे यंत्र आणायला मी तयार झालो नाही. या मुद्द्यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता.

पट्ट्याचे माप टेप लावूनच घ्यावे, कारण जाहिरातीत काही वेळा यंत्राची रुंदी सांगतात, पट्ट्याची नव्हे. चालायला ४० ते ४२ सेंटीमीटर रुंदी आणि ११०-१२० लांबी पुरते. धावणाऱ्याला ४५ हून अधिक रुंदी आणि १३०-१४० लांबी हवी. मी पावणेसहा फूट उंच. आखूड पट्ट्यावर माझी टाच प्रत्येक चौथ्या पावलाला मागच्या कडेवर पडत होती. माळ्याखाली किंवा तुळईखाली यंत्र ठेवणार असाल, तर आपल्या उंचीत पट्ट्याची पाचसहा इंच आणि उसळीची चार इंच मिळवून मग वर पाहावे. गाणी, पडदा, आठवडाभराचे तयार कार्यक्रम यांना मी एक पैसाही जास्त दिला नाही. पडद्यावर उष्मांकांचा जो आकडा येतो त्याच्यावर तर विसंबूच नये. ७० किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने अर्धा तास चालला, तर साधारण १२० उष्मांक खर्ची पडतात. दोन करंज्या त्याला पुरून उरतात.

एवढे सगळे शिकल्यावर चांगल्या यंत्राच्या किमती पाहिल्या. मला हवे तसे नवे यंत्र पस्तीस-चाळीस हजारांच्या खाली मिळेना. आणि येथे हिंजवडी कामाला आली. ज्या गावात रस्ता चालू देत नाही, त्या गावात जुन्या ट्रेडमिल मात्र मुबलक! टाळेबंदीत घरोघर घेतलेल्या, तरुण जोडप्यांनी हौसेने आणलेल्या; मग नवऱ्याची बदली बंगळूरला होते, नाहीतर दोघांना परदेशी जायचे ठरते, आणि महिनाअखेरीला सदनिका रिकामी करायची असते. सोसायटीच्या फलकावर दर पंधरवड्याला एक तरी चिठ्ठी असते: ‘ट्रेडमिल, क्वचित वापरलेली’. हे ‘क्वचित’ बहुधा अक्षरशः खरे असते. यंत्र महिन्याच्या भाड्यानेही मिळते. ज्याला आपल्याच निश्चयाची खात्री नाही त्याने तीन महिने भाड्याने घेऊन पाहावे. आम्ही २०२० मध्ये तसे केले असते तर चिवड्याला पैसे जरा जास्त उरले असते.

आम्ही चार यंत्रे पाहिली. जुने यंत्र पाहताना मालकाला सुरू करून दाखवू देऊ नये. स्वतः चढावे आणि वीस मिनिटे चालावे. संकोच करू नये. पहिल्या घरी सातव्या मिनिटाला जळका वास आला. दुसऱ्या घरी पट्ट्याखाली हात घातला तर फळी कोरडी ठणठणीत. तिसरे उत्तम होते, पण सुरक्षेची किल्ली हरवलेली, आणि मालकाने तिच्या जागी फ्रिजवरचे लोहचुंबक चिकटवले होते! ही किल्ली दोरीने आपल्या सदऱ्याला अडकवायची असते. माणूस पडला की ती निघते आणि पट्टा थांबतो. तिच्यावाचून यंत्र घरात आणणे म्हणजे ब्रेकवाचून गाडी चालवणे. चौथे यंत्र मारुंजीच्या बाजूच्या एका मुलाचे. अखंड अडीच अश्वशक्ती, दोन वर्षांची पावती, तेलाची अर्धी बाटली सुद्धा. त्याने अठरा हजार सांगितले, सौ.नी चौदा म्हटले, सोळाला सौदा झाला. आणायला टेम्पो आणि दोन हमाल मिळून बाराशे. पन्नास-पंचावन्न किलोचे धूड आमच्या उद्वाहकात उभे करूनच मावले.

ठेवण्याच्या जागेवरून पुन्हा बैठक. गॅलरी मी नाकारली. पावसाची झड आणि येथल्या बांधकामांची धूळ पट्ट्याखाली गेली की संपलेच. दिवाणखान्यात, भिंतीलगत खांबाच्या बाजूला ठेवली, कारण खोलीच्या मधोमध ठेवली तर खालच्यांच्या डोक्यावर ढोल वाजतो. खाली जाड रबरी चटई घातली. तरीही पहिल्या रात्री मी स्वतः खालच्या गृहस्थांकडे गेलो आणि सौ.ना वर चालायला सांगितले. ते म्हणाले, “ऐकू येतं, पण तुमच्या मिक्सरपेक्षा कमी.” रात्री दहानंतर चालायचे नाही, असे मी त्यांना शब्द देऊन आलो. वीज जोडायची ती १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या प्लगलाच. मोबाइलच्या प्लगपट्टीवर कदापि नाही. बिलाची भीती मात्र व्यर्थ निघाली. चालताना साधारण ६०० वॅट धरले तरी अर्ध्या तासाला ०.३ युनिट, महिन्याचे आठ-नऊ.

मुलांविषयी मी हट्टी आहे. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत पेलोटन कंपनीला आपली सव्वा लाख यंत्रे परत बोलवावी लागली. मूल, पाळीव प्राणी किंवा वस्तू पट्ट्याच्या मागच्या टोकाखाली ओढले जाण्याच्या सत्तरहून अधिक घटना घडल्या होत्या आणि एक मूल दगावले होते. म्हणून आमच्याकडे वापर संपला की किल्ली देवघराच्या वरच्या फळीवर जाते, प्लग निघतो, आणि यंत्राच्या मागे सहा फूट जागा मोकळी राहते. शेजारची पाच वर्षांची मुलगी खेळायला आली असेल तर यंत्र सुरूच करायचे नाही. चिरंजीवांना हे नियम अतिरेकी वाटतात. वाटोत.

रोज संध्याकाळी साडेसातला मी चढतो. पाच मिनिटे ताशी चार, वीस मिनिटे साडेपाच, पाच मिनिटे पुन्हा चार. बूट घालून; अनवाणी नाही. पहिले दोन आठवडे उतरल्यावर जमीनच मागे सरकते आहे असे वाटे, ते आता थांबले. पट्टा एकदा डावीकडे सरकला, तेव्हा मागचा डावा बोल्ट पाव फेरा आवळला आणि तो सरळ झाला. यंत्रशास्त्रातले माझे हे पहिले यश. पाच आठवड्यांत तीन किलो उतरले. रक्ताची पुढची तपासणी दिवाळीनंतरच्या सोमवारी आहे. आकडा काय येतो याची धाकधूक मनात आहे, आणि फराळाच्या डब्यांची जागा सौ.नी मला सांगितलेली नाही.

आईने महिनाभर यंत्राकडे पाहूनही न पाहिल्यासारखे केले. मग एका दुपारी म्हणाली, “मला पण चढव रे जरा.” तिच्या डॉक्टरांना विचारले. नऊवारीचा प्रश्न होता. पट्ट्यापाशी सैल पदर, ओढणी, पायघोळ कपडा काही नको. तिने सुनेचा पंजाबी ड्रेस घातला, ओढणीशिवाय, आणि दार लावून घ्यायला सांगितले. आता ती कठडा धरून ताशी दोनच्या वेगाने रोज पाऊण किलोमीटर चालते, आणि मी शेजारी उभा असतो. कॅलेंडरवर ती अंतर लिहून ठेवते, कारण तिची वारी गुडघ्यांमुळे राहिली ती राहिलीच. आळंदीहून निघून हिशेबाने ती सध्या पुणे ओलांडून हडपसरच्या अलीकडे आहे. परवा तिने विचारले, दिवे घाट आला की चढाचे बटण दाबायचे का? तिच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही घाट सपाट करायचे ठरवले आहे.